तुतीखालची दुसरी खुर्ची

आकतूत गावातलं मैत्री स्टेडियम दुरून बघितलं तर सोव्हिएत काळातल्या कुठल्याही स्टेडियमसारखंच दिसतं. राखाडी काँक्रीटचं भलंमोठं भांडं, चार कोपऱ्यांना दिव्यांचे मनोरे, आणि दाराशी चेंडू घेऊन उभा असलेला एक दगडी खेळाडू, ज्याचं नाक केव्हाच पडून गेलं आहे. आत गेल्यावर मात्र माणूस थबकतो. पूर्वेकडच्या पायऱ्यांच्या ऐन मध्यावर, जिथून सामना सगळ्यात छान दिसतो, तिथे तुतीचं झाड उभं आहे. कुंडीतलं नव्हे, शोभेसाठी नंतर लावलेलंही नव्हे. एकाच्या कवेत बुंधा मावणार नाही असं जुनं झाड. बाकांच्या ओळी सरळ येतात, झाडापाशी वाकतात, वळसा घालतात आणि पुन्हा सरळ होतात.

झाडाखाली हिरव्या रंगाच्या दोन लाकडी खुर्च्या आहेत. पहिल्या खुर्चीवर कुणी बसत नाही. दुसरी कधी रिकामी नसते. सामना असो, सराव असो, नाहीतर मैदानावर नुसतं गवत कापणं चालू असो, त्या खुर्चीवर गावातलं कुणीतरी शेजारी किटली ठेवून बसलेलं असतंच.

मध्य आशियातल्या या गावात डॉक्टरकीला शिकणाऱ्या मुलांना भेटायला गेल्या वर्षी आपल्याकडची काही मंडळी गेली होती. त्यांत कराडचे निवृत्त मुख्याध्यापक घोलप सर होते. स्टेडियम दाखवायला होलमत-ओता बरोबर आले. ओता म्हणजे बापमाणूस. वयस्कर माणसाला तिकडे असंच म्हणतात. ओतांना सिनेमे बघून शिकलेली हिंदी येत होती, त्यामुळे साधी गोष्ट सांगतानाही ते मध्येच खलनायकासारखे डोळे बारीक करत.

मंडळी तुतीपाशी पोचली. दुसऱ्या खुर्चीवर त्या दिवशी भट्टीवर रोट्या भाजणारी एक बाई बसली होती. तिने सरांकडे निरखून बघत त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं आणि चहाचा वाडगा पुढे केला.

"नको नको," सर हात आडवा करत म्हणाले, "मी चहा सोडलाय. पित्ताचा त्रास आहे."

शब्द कुणाला कळले नाहीत, पण आडवा हात सगळ्यांनी पाहिला. मागच्या ओळीत बिया सोलत बसलेले दोघे सोलायचे थांबले. बाईने वाडगा हळूच खाली ठेवला. होलमत-ओतांनी सरांचं कोपर धरलं, त्यांना चार पायऱ्या खाली नेलं, मागे एकदा बघून घेतलं आणि म्हणाले, "इथे असा हात करायचा नसतो. फोन खिशात ठेवा. बंद करून ठेवा. मग सांगतो."

त्यांनी सांगितलं ते असं.

या जागी पूर्वी स्टेडियम नव्हतं, मोहल्ला होता म्हणे. मातीची घरं, मधून वाहणारा पाट, आणि पाटाकाठी ही तुती. तिच्या समोरच्या घरात इनोबत नावाची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ एर्गाश राहत. आईबाप लवकर गेले होते, तेव्हा एर्गाशला तिनेच लहानाचा मोठा केला. सगळा मोहल्ला तिला इनोबत-आपा म्हणे. आपा म्हणजे थोरली बहीण, आणि ही तर आईच्या जागीच होती. एर्गाशला चेंडूपुढे काही सुचत नसे. इनोबतने चिंध्या कोंबून शिवलेला चेंडू, तुतीचा बुंधा हा गोलचा एक खांब, आणि दुसरा खांब म्हणून रोवलेला गाडीचा जुना दांडा. वरची आडवी काठी हवी म्हणून एर्गाशने बुंध्यात एक वीतभर लांबीचा खिळा ठोकला होता आणि तिथून दांड्यापर्यंत दोरी ताणली होती. त्या खिळ्यावरून इनोबतने त्याला फटके दिले होते. जिवंत झाडात खिळा ठोकतात का, असं तिचं म्हणणं.

मग महायुद्ध आलं आणि मोहल्ल्यातली पोरं आघाडीवर निघाली. निघताना एर्गाश घराकडे बघत म्हणाला, "आपा, हे घर एवढं पडकं. मी येईन तेव्हा तू इथे असशील कशावरून?"

"घर राहील न राहील," इनोबत म्हणाली. "तुती कुठे जात नाही. तू तुतीखाली ये. मी तिथेच असेन, आणि चहा तयार असेल."

बुंध्यावर हात ठेवून तिने हा शब्द दिला असं सांगतात. सारी गोष्ट या शब्दाची आहे.

लढाई संपली. काही जण परत आले, काहींच्या घरी मरणाची खबर आली. एर्गाश आला नाही आणि त्याची खबरही आली नाही. कचेरीत विचारलं तर एकच शब्द मिळाला, बेपत्ता. त्या काळात हा शब्द मरणापेक्षा वाईट होता. मेलेल्याच्या घरी लोक धीर द्यायला तरी येत. बेपत्ता माणूस शत्रूला जाऊन मिळाला असणार, असं सरकार धरून चाले, आणि त्याच्या घरच्यांकडे तिरक्या नजरेने बघितलं जाई. तेव्हा इनोबतने भावाचं नाव काढणं सोडलं. तिने फक्त एक केलं. रोज संध्याकाळी तुतीखाली सतरंजी टाकून ती किटली घेऊन बसू लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला चहा देई. लोकांना वाटे, एकटी आहे, माणसांत मन रमवते. शेजारची सलोमत तेवढी रोज तिच्याशेजारी येऊन बसे. दोघी बरोबरीच्या. सलोमतच्या लग्नात इनोबत नवरीच्या आईसारखी राबली होती.

अशी काही वर्षं गेली, आणि शेजारच्या जिल्ह्याला मोठं स्टेडियम मिळालं. आकतूतच्या पुढाऱ्यांना ते बघवेना. त्यांनी वर खटपटी करून आपल्यालाही एक मंजूर करून आणलं, त्या स्टेडियमहून मोठं, आणि जागा ठरली ती नेमकी मोहल्ल्याची. घरं पाडली. माणसं पाटापलीकडच्या नव्या इमारतींत गेली. गल्ल्यांची नावं गेली, पाट बुजवला. दर शनिवारी सगळं गाव बांधकामावर फुकट राबायला येऊ लागलं, स्वखुशीने. स्वखुशीने न येणाऱ्याला सोमवारी साहेबाच्या खोलीत उभं राहावं लागे.

इनोबतला कामगारांना चहा देण्याचं काम मिळालं, आणि तिने किटली मांडली ती तुतीखालीच. आजूबाजूचं तिचं सगळं जग भुईसपाट झालं होतं. एर्गाश आता आला असता तर त्याला ओळखीचं म्हणून हे एक झाडच दिसलं असतं. एके दिवशी ती आली तेव्हा बुंध्याभोवती चुन्याचा पट्टा ओढलेला होता. चुन्याचा पट्टा म्हणजे कापायचं झाड.

ती इंजिनियरकडे गेली. व्हिक्तोर सेम्योनोविच नावाचा तो गृहस्थ तसा भला होता, बाहेरगावचा होता आणि कामाखाली दबलेला होता.

"साहेब, तेवढं झाड राहू द्या."

"का?"

या 'का'चं उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते देता येत नव्हतं. बेपत्ता भावाची वाट बघते म्हणणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःला अडकवणं. ती म्हणाली, "सावली आहे."

"आपा," इंजिनियर हसला, "ही इथली सगळ्यात चांगली जागा. सावलीसाठी शंभर प्रेक्षक उन्हात उभे करू? उद्या कापतो. लाकूड हवं तर तुम्ही न्या."

रात्रभर इनोबत काय करत होती ते कुणी सांगत नाही. सकाळी करवतवाला बाकिर आला, करवत बुंध्याला टेकवून ठेवली आणि चहा मागितला. तिने ओतून दिला. मग दुसरीकडे बघत, मला काय त्याचं अशा आवाजात ती म्हणाली, "काल तू गेल्यावर दोन माणसं आली होती. टोप्या घातलेली. झाडाभोवती फिरली. वर फांद्यांकडे बघत होती, कानाशी हात लावून."

"कोण होती?"

"मला काय माहीत? चहा विचारला. घेतला नाही."

बाकिरने वर फांद्यांकडे पाहिलं. आकतूतमध्ये कुणी चहा नाकारत नाही. भांडण काढायला आलेला माणूससुद्धा आधी चहा घेतो, मग भांडतो. चहा न घेणारी माणसं गावाला एकाच जातीची माहीत होती. त्यांच्या खात्याचं नाव कुणी उच्चारत नसे. 'ते लोक' म्हणत. ते लोक कुणाच्या हातचं काही घेत नसत, म्हणजे पुढे त्याच हाताला बेडी घालताना संकोच नको.

बाकिरला त्या दिवशी ताप भरला. त्याच्या जागी आलेल्या माणसाच्या कमरेत उसण भरली. मुकादम चिडून विचारायला गेला आणि तोंड पाडून परत आला. झाडात त्या लोकांनी ऐकायचं यंत्र बसवलंय, अशी कुजबुज या कानातून त्या कानात जात दुपारपर्यंत इंजिनियरपाशी पोचली. आता इंजिनियरने सरळ जाऊन विचारावं की नाही? पण विचारायचं कुणाला आणि कसं? मला माहीत नाही असं म्हणणं म्हणजे मला कुणी विश्वासात घेतलेलं नाही असं कबूल करणं, आणि ज्याला विश्वासात घेतलेलं नाही त्याचं पुढे काय होतं ते त्याने पाहिलं होतं. तो पुढाऱ्याकडे गेला आणि जपून म्हणाला, "पूर्वेकडच्या तुतीचं काय करायचं, ते आपल्याला ठाऊकच असेल."

पुढाऱ्याच्या मनात पाल चुकचुकली. याला काहीतरी माहीत आहे आणि मला नाही, हे त्याने ओळखलं. "अर्थात," तो म्हणाला. "जसं ठरलंय तसंच करा." मग त्याने त्या लोकांच्या स्थानिक साहेबाला भेटून, तुतीची व्यवस्था चोख ठेवली आहे, असं सहज बोलता बोलता कानावर घातलं. स्थानिक साहेब आतून हादरला. आपल्या गावात झाडावर यंत्र बसतं आणि आपल्याला पत्ता नाही, म्हणजे ते राजधानीतून बसवलंय, आणि बहुधा आपल्यावरच नजर ठेवायला. त्याने नुसती मान डोलावली. ती मान डोललेली पुढाऱ्याने पाहिली, आणि पुढाऱ्याचा चेहरा इंजिनियरने. आठवडाभरात बाकांचा आराखडा बदलला. चुन्याचा पट्टा स्वतः मुकादमाने ओल्या फडक्याने पुसून काढला.

झाड वाचलं. इनोबतने तुतीच्या मुळांशी चहा ओतला आणि पहिल्यांदाच पोटभर रडली असं सांगतात.

पण गाव मूर्ख नव्हतं. लोक हिशेब जुळवू लागले. ती दोन माणसं इनोबतलाच कशी दिसली? बाकिरला सावध तिनेच का केलं? आणि स्टेडियम उभं राहिल्यावर इंजिनियरने तुतीखाली दोन हिरव्या खुर्च्या ठोकून दिल्या, एक तिच्यासाठी. दुसरी कुणासाठी? बघणाऱ्यांना कळलं. दुसरी खुर्ची तिच्या साहेबाची. तो येणार, ती त्याला कोण काय बोललं ते सांगणार. चाळीस हजार माणसांच्या स्टेडियममध्ये तिला कायमची जागा आणि कायमचा परवाना मिळाला होता. तो काय सावलीसाठी मिळतो?

उद्घाटनाच्या सामन्याला सूतगिरणीचा संघ खेळला. स्टेडियम ओसंडून वाहत होतं, माणसं पायऱ्यांवर मांडीला मांडी लावून बसली होती, आणि तुतीच्या चहूबाजूंनी तीन ओळी मोकळ्या होत्या. सूतगिरणीने गोल केला. सगळं गाव उभं राहून ओरडलं. ओरडून झाल्यावर बरेच जण हळूच झाडाकडे बघत होते, जास्त तर ओरडलो नाही ना म्हणून.

इनोबतला आधी गंमत वाटली. मग एके दिवशी तिचं खोटं खरं झालं. टोपी घातलेला एक माणूस एकटाच पायऱ्या चढून आला. झाडाभोवती फिरला, वर फांद्यांकडे बघत राहिला. तिने वाडगा पुढे केला. त्याने घेतला नाही.

"तुम्ही कुणाचं माणूस आहात ते मी विचारत नाही," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"मग विचारू नका," इनोबत म्हणाली.

त्याने टोपीला हात लावला, अदबीने, आणि निघून गेला. त्याची पाठ वळल्यावर तिच्या हातून वाडगा फुटला. खालच्या ओळीतल्यांनी काय पाहिलं? साहेब आला, दोन शब्द बोलला, बाईला सलाम करून गेला. आता शंकेला जागाच उरली नाही.

सलोमत तरीही येत होती. गाव काही का म्हणेना, मी हिला ओळखते, असं ती सगळ्यांना सांगे. तिचा नवरा निझाम सूतगिरणीत होता, जिभेला हाड नसलेला पण मनाने साफ. एका सामन्यात तो तुतीखाली चहा पीत मोठ्याने म्हणाला, "पंच राजधानीचा, शिट्टी राजधानीची, मग आपल्या पोरांनी पाय तरी कशाला हलवावेत?" आजूबाजूला कुणी हसलंही नाही. तिसऱ्या दिवशी ते लोक निझामला घेऊन गेले. आठवड्याने तो परत आला तेव्हा गिरणीतली नोकरी गेली होती आणि त्याचं बोलणं बंद झालं होतं.

त्याच्याबद्दल कुणी सांगितलं, ते आजवर कळलेलं नाही. इथे होलमत-ओतांनी आवाज आणखी खाली आणला. "मला एका घराचा संशय आहे," ते म्हणाले. "पण त्यांचा नातू इथे तिकिटं विकतो, तेव्हा असू द्या."

सलोमत दुसऱ्या दिवशी आली. बसली नाही.

"तोंडाकडे बघून सांग," ती म्हणाली. "तू सांगितलंस?"

"नाही."

"मग झाडात काय आहे ते सांग. त्या दोन माणसांना तू खरंच पाहिलंस का? एवढंच सांग, इनोबत. बाकीचं मी गावाशी भांडून घेईन."

सगळं इनोबतच्या ओठांवर आलं होतं. माणसं नव्हती, यंत्र नाही, मी खोटं बोलले, माझ्या एर्गाशसाठी बोलले. पण हे ऐकून सलोमत गप्प बसणार नव्हती. मैत्रिणीचं नाव धुऊन काढायला ती इमारतीइमारतीत ओरडून सांगत फिरली असती, आणि मग संध्याकाळी करवत आली असती. त्यानंतर विचारलं गेलं असतं, खोटं का बोललीस, कुणासाठी? इनोबतने वाडगा भरला आणि पुढे केला.

"चहा घे," ती म्हणाली.

सलोमतने वाडगा घेतला आणि पायरीवर ओतून टाकला. "ते लोक चहा घेत नाहीत म्हणालीस ना? आजपासून मीही घेत नाही."

त्यानंतर एकदा इनोबत सलोमतच्या इमारतीपर्यंत गेली होती म्हणतात. जिने चढली. दारापाशी उभी राहिली, आतून भांड्यांचा आवाज येत होता. दारावर मारायला हात उचललाही होता. तो तसाच खाली घेऊन ती परत फिरली, आणि तिला स्वतःचा इतका राग आला की ती रस्ताभर मोठ्याने स्वतःलाच शिव्या देत आली. आणि ती कुणाला तरी काहीतरी कळवत चालली आहे, असं बघणाऱ्यांनी ठरवलं.

वर्षांमागून वर्षं गेली. या स्टेडियममध्ये मोठमोठे संघ येऊन हरले, दिवे लागले, निकालाचा विजेचा फलक आला. इनोबत प्रत्येक सामन्याला दोन वाडगे भरी. एक स्वतः पिई, दुसरा शेजारच्या खुर्चीवर ठेवी. तो निवला की मुळांशी ओते. गाव बघत असे आणि म्हणे, साहेबाचा वाडगा. कधीकधी तिच्याही मनात शंका डोकावे. एर्गाश मेला असेल का? की सरकार म्हणतं तसा खरंच तिकडे जाऊन मिळाला, बायकोमुलांत रमला आणि आपाला विसरला? आपण काय एका झाडाची राखण करतोय? असं वाटलं की ती चिडून किटली उलटी करून घरी जाई. पुढच्या सामन्याला पुन्हा हजर असे. शब्द तिने दिला होता, एर्गाशने नव्हे.

मग ते राज्यच मोडलं. पगार थांबले, गिरणी थांबली, फुटबॉल थांबला. स्टेडियमच्या मैदानात बाजार भरू लागला, जुने कोट, डाळी, चिनी चपला. लोक विकण्यासारखं जे दिसेल ते उपटत होते. मनोऱ्यांच्या तारा गेल्या, फलकाच्या तारा गेल्या. तेव्हा तांबं गोळा करणाऱ्या टोळीला तुती आठवली. एवढी वर्षं ऐकणारं झाड, म्हणजे किती तार असेल! सकाळी सकाळी कुदळी घेऊन आले. इनोबत म्हातारी झाली होती, मोतीबिंदूने डोळे जवळजवळ गेले होते. ती खुर्चीला धरून ओरडत राहिली, पण तिचं ऐकतो कोण? त्यांनी मुळांभोवती चर खणला, फांद्या चाचपल्या, ढोली खरवडली. बाजार खरेदी सोडून बघायला जमला. दुपारपर्यंत करंगळीएवढीही तार निघाली नाही. निघाला तो सालीने गिळलेला एक गंजका खिळा.

"यंत्राचा भाग असणार," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं.

गर्दीत सलोमत होती. निझाम जाऊन बरीच वर्षं झाली होती, तीही काठी टेकत चालत होती. तिने खिळा हातात घेतला, उलटसुलट केला. त्या खिळ्यावरून एका पोराने खाल्लेले फटके तिने समोरच्या उंबऱ्यावर बसून पाहिले होते. झाडात तार नव्हती, कधीच नव्हती. मग इनोबत कशासाठी खोटं बोलली आणि कुणासाठी दोन वाडगे भरत होती, हे तिला खिळ्याकडे बघता बघता कळलं. आपण तो चहा पायरीवर ओतला होता, हेही आठवलं.

गर्दी पांगली. इनोबत खुर्चीवर हात चाचपत बसली, सवयीने दोन वाडगे भरले. आणि तिला पायऱ्यांवर पावलं ऐकू आली. त्या तीन मोकळ्या ओळी ओलांडून तिच्याकडे चहाला किती वर्षांत कुणी आलं नव्हतं. पावलं थेट झाडापाशी आली. शेजारची खुर्ची करकरली.

इनोबत आवाजाकडे वळली. "एर्गाश?" ती म्हणाली. "आलास?"

सलोमतला रडू आवरेना. तिने खुर्चीवरून उचललेला वाडगा दोन्ही हातांनी धरला आणि कशीबशी म्हणाली, "एर्गाश नाही गं. पण चहा घेईन."

तिने वाडगा रिकामा केला. मग सलोमत म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंस."

"तू गावाशी भांडली असतीस."

"भांडलेच असते!"

"म्हणून नाही सांगितलं," इनोबत म्हणाली, आणि तिला हसू आलं.

त्यानंतर इनोबत जिवंत होती तोवर सलोमत दुसऱ्या खुर्चीवरून हलली नाही. इनोबत गेली तेव्हा लोकांनी दोन्ही खुर्च्या उचलायचं ठरवलं. सलोमतने काठी उगारली. "शब्द तिचा होता, आणि तो तिला एकटीला पाळायला लावला आपण," ती म्हणाली. "आता तो आला तर इथे कुणीतरी असायला नको का? चहा कोण देईल?" इनोबतची खुर्ची एर्गाशसाठी रिकामी ठेवून ती दुसरीवर शेवटपर्यंत बसली. मग तिची सून बसली, मग गिरणीतली माणसं, मग ज्याला जमेल तो. बाजार उठला, पुन्हा फुटबॉल सुरू झाला. दुसरी खुर्ची मात्र रिकामी राहिली नाही.

होलमत-ओता थांबले. "आता तुम्ही मला विचाराल, हे सगळं खरं का," ते म्हणाले. "गावात अजून असे आहेत जे म्हणतात, ते लोक जाताना तार काढून घेऊन गेले. म्हणोत. मी काही त्या झाडाखाली राजकारणावर बोलत नाही."

घोलप सर उठले. पित्त, पथ्य, बायकोचे वटारलेले डोळे, सगळं मागे ठेवून चार पायऱ्या चढून गेले. बाई मान वर करून त्यांच्याकडे निरखून बघत होती. पांढरे केस, वाकलेली पाठ. तिने मघाचाच प्रश्न पुन्हा विचारला. त्यातला एक शब्द सरांना आता ओळखू आला.

एर्गाश जिवंत असता तर शंभरी गाठली असती. सरांनी वाडगा दोन्ही हातांनी घेतला. त्यांना मराठीशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

"एर्गाश नाही, बाई," ते म्हणाले. "पण चहा घेईन."

मागच्या ओळीतले दोघे पुन्हा बिया सोलू लागले. सरांनी चहा संपवला, वाडगा परत दिला. बाईने तो धुतला, पुन्हा भरला आणि रिकाम्या खुर्चीवर ठेवला. खाली मैदानात सामना सुरू झाला होता आणि सूतगिरणीची पोरं गोलापाशी पोचली होती, सगळं स्टेडियम उभं राहत होतं. ती तिकडे बघत नव्हती. आजही दुसऱ्या खुर्चीवर बसणारा माणूस मैदानाकडे कमी आणि दाराकडे जास्त बघतो.